मोटारसायकलचा पेट्रोल कॉक आणि घटलेला ॲव्हरेज



आपल्या पत्रिकेतून लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया, खतांचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या यांविषयी नेहमी माहिती दिली जाते. या वेळी विषय थोडा निराळा आहे, पण खिशाशी त्याचा संबंध तितकाच आहे. दारातली मोटारसायकल आता शेतीच्याच अवजारांपैकी एक झाली आहे. दूध घालायचे, गटऑफिसला जायचे, तोडणीची चौकशी करायची, भाजीचे पोते टाकून मार्केट यार्ड गाठायचे, सगळे तिच्यावरच. बैलाने वैरण जास्त खाऊन काम कमी केले तर आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो. गाडी मात्र पेट्रोल जास्त पिऊ लागली तर “जुनी झाली आता” एवढे म्हणून आपण गप्प बसतो.

अलीकडे आणखी एक बोलणे कानावर येते. “पेट्रोलमध्ये इथेनॉल घालायला लागले तेव्हापासून ॲव्हरेज गेला.” ऊस उत्पादक म्हणून हे बोलणे आपल्याला दोन्ही बाजूंनी लागते. गाडी आपली आहे आणि इथेनॉलही आपल्याच उसाचे आहे. तेव्हा खरे काय आणि खोटे काय, हे प्रत्येक सभासदाला स्वतः मोजून पाहता आले पाहिजे. त्यासाठी गाडीचा एक अगदी छोटा भाग नीट समजून घेऊ. तो म्हणजे टाकीखालचा पेट्रोल कॉक.

तोटा किती होतो?

समजा, भूगावचा एक सभासद रोज पुण्यात ये-जा करतो. पौड रस्त्याने चांदणी चौक, पुढे शहर, आणि परत. महिन्याला साधारण १,००० किलोमीटर गाडी चालते. गाडी लिटरला ६० किलोमीटर देत असेल तर महिन्याला पावणेसतरा लिटर पेट्रोल लागेल. आता कॉकच्या दांडीपाशी पेट्रोल पाझरते आहे असे धरा. तासाला फक्त १० मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे. दिवसाचे झाले २४० मिलिलिटर आणि महिन्याचे ७ लिटर २०० मिलिलिटर.

इंजिन बिचारे ६० चाच ॲव्हरेज देते आहे. पण हिशेबाला बसलात तर २४ लिटरमध्ये १,००० किलोमीटर, म्हणजे ४२ चा ॲव्हरेज निघतो. पेट्रोल लिटरला १०० रुपये धरले तरी महिन्याला ७२० आणि वर्षाला ८,६४० रुपये गेले. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये एफ. आर. पी. ठरली आहे. त्या दराने हा सुमारे अडीच टन उसाचा पैसा झाला. शेतात पाणी पाजून, खत घालून, वर्षभर सांभाळलेला अडीच टन ऊस एका रबरी वायसरपायी हवेत उडून जातो.

“हवेत उडून जातो” हे नुसते बोलायचे म्हणून म्हटलेले नाही. पेट्रोल लगेच उडते, त्यामुळे खाली थारोळे दिसत नाही. कॉकभोवती धूळ चिकटलेला ओलसर डाग दिसतो आणि सकाळी गाडीजवळ वास येतो. एवढीच त्याची खूण.

कॉकचे काम कसे चालते?

टाकीतले पेट्रोल आपल्या वजनाने खाली कार्बोरेटरकडे येते. मधल्या वाटेवर बसवलेला नळ म्हणजे कॉक. त्याच्या दांडीच्या तीन जागा असतात: चालू, बंद आणि रिझर्व्ह.

रिझर्व्हसाठी टाकीत वेगळा कप्पा असतो असे पुष्कळांना वाटते. तसा कप्पा नसतो. कॉकच्या वरच्या अंगाला टाकीच्या आत एक उभी नळी असते आणि तळाशी दुसरे भोक असते. दांडी ‘चालू’वर असते तेव्हा पेट्रोल उभ्या नळीच्या तोंडातून येते. पातळी त्या तोंडाच्या खाली गेली की पेट्रोल थांबते आणि गाडी गचके खाऊ लागते. आपण दांडी ‘रिझर्व्ह’वर करतो, तळाचे भोक उघडते आणि उरलेले पेट्रोल येऊ लागते. विहिरीत फुटव्हॉल्व्ह वर टांगला तर खालचे पाणी उरते, तसाच हा प्रकार.

कॉकच्या आत पाहिले तर दांडीच्या मागे भोके पाडलेला एक चपटा रबर असतो. दांडी फिरली की तिच्यावरची खाच एका किंवा दुसऱ्या भोकासमोर येते. दांडी रबरावर दाबून धरायला लाटेसारखी वाकलेली पत्र्याची वायसर असते, आणि त्यावर दोन छोट्या स्क्रूंनी बसवलेली पट्टी. नळीभोवती कचरा अडवणारी बारीक जाळी असते. बऱ्याच कॉकना खाली एक वाटीही असते, तिच्यात पाणी आणि गाळ साठतो. कॉक टाकीला जिथे बसतो तिथे आणखी एक रबरी रिंग असते. सारा खेळ या दोन-तीन रबरांचा आहे. रबर कडक झाले, चिरले किंवा फुगले की कॉक गेला.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ही सर्व माहिती कार्बोरेटरच्या गाड्यांची आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचा नियम लागू झाला आणि त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत पेट्रोल पंपाने व इंजेक्टरने दिले जाते. अशा गाडीचे पेट्रोलचे काम घरी उघडू नये. पण आपल्या गावांत अजून जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. कुणाकडे स्प्लेंडर आहे, कुणाकडे बॉक्सर किंवा सीटी १००, कुणी वडिलांची राजदूत किंवा येझदी जपून ठेवली आहे. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी मोजा, मग बोला

ॲव्हरेज अंदाजाने सांगू नये. “पूर्वी शंभराच्या पेट्रोलमध्ये आठवडा जायचा” हा हिशेब नव्हे, कारण दरही बदलला आणि फेऱ्याही वाढल्या. मोजण्याची सोपी रीत अशी:

१. दांडी ‘चालू’वर ठेवून गाडी रिझर्व्हला लागेपर्यंत चालवावी. लागली की मीटरचा आकडा लिहून ठेवावा.

२. जवळच्या पंपावर बरोबर २ लिटर पेट्रोल घ्यावे आणि दांडी पुन्हा ‘चालू’वर करावी.

३. नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या ओझ्याने गाडी पुन्हा रिझर्व्हला लागेपर्यंत चालवावी.

४. दोन आकड्यांतील फरकाला २ ने भागावे. पंपापर्यंत रिझर्व्हवर चाललेले अंतर दुसऱ्या खेपेच्या पेट्रोलमधूनच भरून निघते, म्हणून ते वेगळे धरू नये.

हे दोन-तीन वेळा करून सरासरी काढावी. एकाच वेळच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये.

मात्र या रीतीत कॉक हेच आपले माप आहे. मापच खोटे असेल तर हिशेब खोटा. आतला रबर झिजला असेल तर दांडी ‘चालू’वर असतानाही तळाचे पेट्रोल येत राहते. मग रिझर्व्ह न लागताच गाडी एकदम बंद पडते. असे होत असेल तर टाकी तोंडाच्या एका ठरावीक खुणेपर्यंत भरावी, ३००-४०० किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरावी आणि लागलेल्या लिटरने अंतराला भागावे.

मीटरही तपासून घ्यावा. पौड रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड पाहून दहा किलोमीटर चालवावे आणि मीटर किती दाखवतो ते बघावे. मीटरची केबल अधूनमधून अडकत असेल तर अंतर कमी नोंदले जाते आणि दोष पेट्रोलला लागतो. पेट्रोल कमी मिळते अशी शंका आली तर पंपावर ५ लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते. ते मागून मोजून घेण्याचा आपल्याला हक्क आहे. भांडण न करता शांतपणे मागावे.

गळती आहे का, आणि कुठे?

मोजून ॲव्हरेज खरोखर कमी निघाला तर पहिला तपास गळतीचा करावा. त्याला काही खर्च येत नाही. गाडी उघड्यावर, मधल्या स्टँडवर, इंजिन थंड असताना उभी करावी.

पहिली तपासणी: दांडी ‘बंद’वर करून कार्बोरेटरकडची नळी काढावी आणि तिचे तोंड काचेच्या छोट्या बाटलीत धरावे. दहा मिनिटांत एकही थेंब पडता कामा नये. पडला तर आतला रबर गेला.

दुसरी तपासणी: दांडी ‘चालू’वर करावी. धार सलग पडली पाहिजे. धार बारीक होत थांबली तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. झाकण उघडताच धार वाढली तर झाकणातले हवेचे भोक बुजले आहे, कॉकचा दोष नाही. तरीही वाढली नाही तर जाळी तुंबली आहे.

तिसरी तपासणी: नळी परत लावावी, कॉक कोरडा पुसून त्याखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवावा आणि पंधरा मिनिटांनी पाहावे. ओल दांडीपाशी आली तर आतला रबर, टाकीच्या सांध्याला आली तर वरची रिंग, वाटीपाशी आली तर वाटीची रिंग, आणि नळीवर आली तर नळीच चिरलेली समजावी.

चौथी तपासणी: कॉक कोरडा आहे, पण कार्बोरेटरखालच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब येतात. हा दोष कॉकचा नसून कार्बोरेटरमधल्या तरंगत्या फ्लोटचा किंवा त्याच्या पिनेचा आहे. इथे पुष्कळांची गफलत होते. गॅरेजमध्ये नवा कॉक बसतो आणि गळती मात्र तशीच राहते.

कॉक बंद होत नाही आणि पिनही धरत नाही, असे दोन्ही दोष एकत्र आले तर पेट्रोल रातोरात इंजिनात उतरून ऑइलमध्ये मिसळू शकते. ऑइलची काडी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर गाडी अजिबात सुरू करू नये. दोष काढून, ऑइल बदलून मगच किक मारावी. पातळ झालेल्या ऑइलवर गाडी चालवली तर बोअर-पिस्टनचे काम निघते आणि कॉकच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च येतो.

आणखी एक बारकावा ध्यानात ठेवावा. तुंबलेल्या कॉकने ॲव्हरेज सरळ कमी होत नाही. इंजिनाला पेट्रोल कमी पडते आणि गाडी पिरंगुटच्या घाटात दम टाकते. मग चालवणारा चोक ओढून गाडी हाकतो, चोक तसाच राहतो आणि त्यात पेट्रोल जाते. गळका कॉक पेट्रोल सांडतो आणि तुंबलेला कॉक आपल्याकडून वाया घालवतो.

कॉक बदलण्याची रीत

नवा कॉक घेताना जुना बरोबर न्यावा. गाडीच्या नावाबरोबर मॉडेलचे सालही सांगावे. दोन्ही शेजारी ठेवून तीन गोष्टी जुळवून पाहाव्यात: टाकीला बसणारा भाग, उभ्या नळीची उंची आणि खालच्या तोंडाची जाडी. नळीची उंची वेगळी असली तर रिझर्व्हचे प्रमाण बदलते आणि एखाद्या रात्री मुळशीच्या रस्त्यावर गाडी ढकलायची वेळ येते.

साहित्य: नवा कॉक व त्याची रिंग, पेट्रोलची नवी नळी व दोन क्लिपा, पाने, स्टार स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, झाकणाचा लोखंडी डबा, सुती फडके, जुना दातांचा ब्रश.

आधी सुरक्षितता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि दहा-पंधरा फुटांवरच्या चुलीलाही भेटू शकते. म्हणून हे काम गोठ्यात, कडब्याच्या गंजीजवळ किंवा ओसरीत करू नये. मोकळ्या अंगणात, दिवसाउजेडी करावे. विडी-सिगारेट, चूल, गॅसचा गिझर जवळ नसावा. मुलांना दूर ठेवावे. शेजारी मातीचे किंवा वाळूचे घमेले भरून ठेवावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये, पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची सवय सोडून द्यावी. चुकून घोट फुप्फुसात गेला तर जिवावर बेतते. प्लॅस्टिकच्या बादलीत पेट्रोल काढू नये.

१. दांडी ‘रिझर्व्ह’वर करून कार्बोरेटरकडची नळी काढावी आणि टाकीतले सर्व पेट्रोल लोखंडी डब्यात उतरवून झाकण लावावे.

२. सीट काढावी. टाकीचा मागचा बोल्ट काढून टाकी थोडी उचलावी आणि मागे ओढावी. पेट्रोलच्या काट्याची वायर असेल तर आधी सोडवावी. टाकी जाड गोणपाटावर आडवी ठेवावी, म्हणजे रंग खरवडत नाही.

३. काही गाड्यांत कॉक दोन बोल्टांनी बसवलेला असतो, काहींत एका मोठ्या नटाने, आणि जुन्या गाड्यांत आट्यांनी थेट टाकीत. बरोबर मापाचाच पाना लावावा. हातोडी मारू नये. टाकीचा पत्रा आणि आटे नाजूक असतात, ते गेले तर टाकीच बदलावी लागते.

४. कॉक सरळ बाहेर ओढावा, म्हणजे जाळी फाटत नाही. जाळीवर काय अडकले आहे ते पाहावे. तांबूस भुकटी असेल तर टाकीला आतून गंज लागला आहे. चिकट थर असेल तर जुने पेट्रोल साठून राहिले होते. पाण्याचे मणी दिसले तर झाकणाचा रबर तपासावा.

५. अर्धा लिटर स्वच्छ पेट्रोल टाकीत घालून हलवावे आणि ओतून द्यावे. पाणी निवळशंख येईपर्यंत हंडा विसळतो, तसे दोन-तीनदा करावे. टाकी पाण्याने धुऊ नये. हे पेट्रोल गटारात किंवा विहिरीच्या बाजूला टाकू नये. गाळून घेतले तर सुटे भाग धुवायला उपयोगी पडते.

६. नवी रिंग बसवून कॉक लावावा. आधी हाताने आवळावा. दोन बोल्ट असतील तर एक थोडा, दुसरा थोडा असे आलटून पालटून आवळावेत. रिंग दबली की थांबावे. साबण, सोल्युशन, शेलॅक काही लावू नये. रस्त्यात साबण लावून गळती थांबवतात, पण ती सोय घरी पोचण्यापुरती असते.

७. नवी नळी लावताना तिला कुठे मोड पडू देऊ नये आणि ती इंजिनाच्या गरम पात्यांना टेकता कामा नये. दोन्ही टोकांना क्लिपा बसवाव्यात.

८. टाकीत अर्धा लिटर पेट्रोल घालून दांडी ‘बंद’, ‘चालू’, ‘रिझर्व्ह’ अशा तिन्ही जागी दहा-दहा मिनिटे ठेवावी. खाली कोरडा कागद असावा. कागद कोरडाच राहिला तर बाकीचे पेट्रोल गाळून भरावे आणि वास पूर्ण गेल्यावर गाडी सुरू करावी.

कॉकचा धातूचा भाग चांगला असेल तर नुसता रबराचा संच बदलूनही भागते. पट्टीचे दोन स्क्रू काढून पट्टी, वायसर, दांडी आणि रबर याच क्रमाने भाग काढावेत आणि उलट क्रमाने बसवावेत. मात्र रबर टेकतो त्या पृष्ठावर ओरखडे असतील तर रबराचा खर्च वाया जातो. तिथे अख्खा कॉकच घ्यावा.

कॉक ठीक असेल तर पुढे काय?

गळती नाही, तरी ॲव्हरेज कमी. अशा वेळी एकदम कार्बोरेटरला हात घालू नये. फुकटच्या आणि स्वस्त गोष्टी आधी पाहाव्यात.

हवा: टायरची हवा गाडीच्या पुस्तकात दिली आहे तेवढी, टायर थंड असताना भरावी. मागे दुधाचा कॅन किंवा माणूस असेल तर मागच्या टायरला जास्त लागते.

ब्रेक: गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, न्यूट्रल करून चाक हाताने फिरवावे. दोन-तीन फेरे सहज फिरले पाहिजे. अडकत फिरले तर ब्रेक धरतो आहे. बैलगाडीला खरडी लावून बैल हाकण्यासारखे ते आहे.

चेन: फार ताणलेली किंवा कोरडी चेन इंजिनाची ताकद खाते.

एअर फिल्टर: उसाच्या गाड्यांच्या धुळीत चालणाऱ्या गाडीचा फिल्टर शहरातल्या गाडीपेक्षा फार लवकर तुंबतो. हवा कमी आणि पेट्रोल जास्त असे मिश्रण जळते.

प्लग: काढून रंग पाहावा. विटकरी-तपकिरी रंग चांगला. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, चोक आणि फिल्टर पाहा. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडते, तेव्हा कॉकची धार पुन्हा तपासा.

क्लच: चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे असेल तर क्लचप्लेटी झिजल्या आहेत.

चालवण्याची पद्धत: भूगावातून सकाळी शहराकडे जाताना किती वेळ एका जागी उभे राहावे लागते, हे या भागातल्या सभासदांना सांगायला नको. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवे पूल सुरू झाले, तरी अलीकडच्या अरुंद रस्त्यावरची गर्दी आहेच. उभ्या गाडीचे चालू इंजिन शून्य ॲव्हरेज देते. अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे. मोकळ्या रस्त्यावर ४०-५० चा वेग ठेवावा.

एवढे करून फरक पडला नाही तरच जाणत्या मिस्त्रीकडून कार्बोरेटर, जेट, पिन आणि व्हॉल्व्हची सेटिंग तपासून घ्यावी.

आणि आपले इथेनॉल?

आता मूळ प्रश्न. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने जून २०२२ मध्ये गाठला. २० टक्के मिश्रणाची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती सर्वत्र पोचली. हे सगळे इथेनॉल उसाचे नसते. मका आणि तांदळाच्या कण्यांपासूनही ते करतात. पण साखर कारखानदारीला त्याचा मोठा आधार मिळाला, हे खरे.

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश उष्णता असते. म्हणजे २० टक्के मिश्रणात निव्वळ पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के उष्णता कमी भरते. ॲव्हरेज त्याहून जास्त घटण्याचे कारण नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घटीचा अंदाज दिला आहे. म्हणजे ६० चा ॲव्हरेज ५८ होईल, फार तर ५६. तो ४२ झाला असेल तर दोष इथेनॉलचा नाही, गाडीत कुठेतरी आहे. तो शोधावा.

पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जुन्या गाड्यांचे रबर इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. त्या रबरी रिंगा आणि नळ्या अशा मिश्रणात फुगतात, मऊ पडतात आणि पुढे चिरतात. इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवते, तो जाळीत येऊन बसतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाणी फार झाले तर इथेनॉल व पाणी मिळून तळाला उतरतात, म्हणजे नेमके रिझर्व्हच्या भोकाशी. याचा अर्थ, इथेनॉलने थेट घटणारा ॲव्हरेज थोडा असला तरी जुन्या कॉकच्या गळतीला ते निमित्त होऊ शकते. उपाय महाग नाही. रबर बदलताना २० टक्के इथेनॉलला चालणारेच मागावे. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग या मिश्रणाला टिकतील असे केलेले आहेत. जुनी गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट रिकामी ठेवू नये आणि कॉक ‘बंद’वर करावा. पावसाळ्यात झाकणाचा रबर पाहावा आणि कॉकची वाटी महिन्यातून एकदा उघडून पुसावी. मुळशीचा पाऊस आपल्याला ठाऊक आहेच.

आपली गाडी वर्षाला २०० लिटर पेट्रोल जाळत असेल तर त्यात सुमारे ४० लिटर इथेनॉल असते. उसाच्या रसापासून थेट केले तर एक टन उसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते. म्हणजे प्रत्येक मोटारसायकल वर्षाला अर्ध्या टनाहून थोडा अधिक ऊस वापरते. त्याच गाडीचा गळका कॉक अडीच टनांचा पैसा घालवत असेल, तर तो आधी बदललेला बरा.

तरी सर्व सभासदांना विनंती की, उसाच्या वजनाच्या पावत्या ज्या वहीत लावता त्याच वहीच्या शेवटच्या पानावर तारीख, मीटरचा आकडा आणि घेतलेले पेट्रोल लिहीत जावे. रात्री गाडी लावताना कॉक बंद करावा. आकडा दोनदा लागोपाठ कमी आला की, कुणाला नावे ठेवण्याआधी टाकीखाली हात फिरवून पाहावा आणि बोटांचा वास घ्यावा.